साधं पेट्रोल, भारी पेट्रोल आणि गाडीचं ॲव्हरेज

उसाचं बिल जमा झालं की गावात दोन-चार नव्या मोटारसायकली येतातच. त्यांच्या पाठोपाठ सल्लेही येतात. कोणी म्हणतं, पंपावरचं भारी पेट्रोल टाका, गाडीला ताकद येते. कोणी म्हणतं, इथेनॉलनं इंजिन खाल्लं. दोन्ही बोलण्यांत थोडं खरं आणि बरंचसं ऐकीव आहे. खिसा मात्र आपलाच हलका होतो.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते पाहू. इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगच्या ठिणगीनं पेटतं. ती आग पोचायच्या आत काही मिश्रण दाबानं आपोआप भडकलं, तर चढावर इंजिन खडखडतं. अशा अवेळी पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. हा ताकदीचा आकडा नव्हे. ओला कडबा लवकर पेट घेत नाही, म्हणून त्याची धग जास्त, असं आपण म्हणतो का?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा दर्जाचं इंधन आलं, त्यात साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ ठरलं. रोजच्या वापरातल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला तेवढं पुरतं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. मग केवळ ‘९५’ या आकड्यासाठी लिटरमागे जादा पैसे का मोजायचे? त्या पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्यं असतात, हे खरं. पण गाडीच्या पुस्तकात जास्त ऑक्टेन मागितलं असेल, तरच भारी पेट्रोल घ्यावं. टर्बो इंजिनाच्या काही मोटारींना त्याचा उपयोग होतो. आपल्या दूधवाल्या गाडीला नाही.

आता ॲव्हरेजची गोष्ट. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून ॲव्हरेज पडतं, त्यात मेकॅनिकचा दोष नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात आकडे दिले आहेत. जुन्या बनावटीच्या दुचाकींना २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्के आणि चारचाकींना ६ ते ७ टक्के घट. म्हणजे ६० चं ॲव्हरेज देणारी मोटारसायकल ५८ वर येईल, १५ देणारी मोटार १४ वर. घट याहून बरीच मोठी असेल, तर इथेनॉलला शिव्या देण्याआधी एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि ब्रेक चिकटतोय का ते बघा.

त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती. ऊर्जा कमी मिळते, तर अशा इंधनावर करसवलत देऊन ग्राहकाला भरपाई मिळावी. ते झालेलं नाही. इथेनॉलची खरेदीच सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरनं पडते, म्हणून पेट्रोल स्वस्त करता येत नाही, असं सरकारनं २०२५ मध्ये सांगितलं. आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही, असणारही कसे? आपल्याच उसाचा रस त्यात जातो. पण उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२४-२५ च्या हंगामातही ६५ रुपये ६१ पैसेच होता, २०२२-२३ मध्ये होता तेवढाच. उसाची एफआरपी मात्र त्याच काळात क्विंटलला ३०५ वरून ३४० रुपयांवर गेली. कारखान्याला दर वाढून नाही, गाडीवाल्याला सवलत नाही. शेतकरी या दोन्ही टोकांना उभा आहे, तेव्हा हा हिशेब त्यानं मागितलाच पाहिजे.

१ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग २० टक्के मिश्रणाला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांमध्ये रबरी नळ्या, गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. सर्व्हिसिंगला ते आवर्जून दाखवून घ्या.

इथेनॉलपेक्षा मोठा शत्रू भेसळीचा. रॉकेलचं ऑक्टेन फार कमी, म्हणून भेसळीच्या पेट्रोलवर इंजिन खडखडतं. हा धंदा किती क्रूर आहे ते आपल्या राज्यानं पाहिलं आहे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, फिल्टर पेपर मागा, घनतेची नोंद बघा. तो आपला हक्क आहे, पंपवाल्याचे उपकार नाहीत. सरपंच, ग्रामसेवकांनी चार लोकांसमोर एकदा हे करून दाखवावं.

ट्रॅक्टरवाल्यांनी ऑक्टेनच्या नादी लागू नये. डिझेलचा आकडा वेगळा, त्याला सीटेन म्हणतात. सीएनजी किलोवर मिळतो, त्यामुळे त्याची तुलना लिटरशी नको. किलोमीटरला किती रुपये पडले तेवढं काढा. टाकी गच्च भरा, दोन-तीनशे किलोमीटर फिरवा, पुन्हा गच्च भरा आणि दुसऱ्या वेळी जेवढं बसलं त्यानं भागा. असं तीनदा केल्याशिवाय ॲव्हरेजवर वाद घालू नका.

राहिला फवारणी पंप आणि ग्रास कटर. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यात राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं, की इथेनॉल आणि पाणी तळाला बसतं आणि मशीन दोरी ओढून ओढून चालू होत नाही. टू-स्ट्रोक पंपात तर तळाच्या या थरात ऑईल नसतं, पिस्टन जाम होतो. आठवड्यात संपेल तेवढंच पेट्रोल आणा, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्येही थेंब उरणार नाही.