आधी आळे, मग पंगत

कार्तिक सरत आला म्हणजे अमरावती व अकोला येथील नोकरीपेशाच्या मंडळींस गावाकडील शेताची आठवण होऊ लागते. ही आठवण बहुधा शनिवारी दुपारनंतर जागी होते आणि रविवारी दिवे लागण्याच्या सुमारास शमते. मधल्या अवधीत मोटारी येतात, आगटी पेटते, हुरडा व तुरीच्या शेंगा भाजल्या जातात, रोडगे-वांग्याची पंगत उठते, संत्र्याच्या झाडाशी उभे राहून छायाचित्रे निघतात, आणि पिशवीभर संत्री व कोथळाभर हरभऱ्याचे घाटे घेऊन पाहुणे परततात. यजमान शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावरच्या पत्रावळी गोळा करीत असतो.

या मेळाव्यांस आमचा विरोध आहे, असे कोणी समजू नये. शेतात बसून चार माणसांनी जेवावे यासारखे सुख आमच्या वऱ्हाडात दुसरे नाही, व ते सुख उपभोगण्यात आम्हीही कधी मागे राहिलो नाही. आमची तक्रार निराळी आहे. जेवण उरले आणि काम गेले, ही ती तक्रार होय.

आपल्या जुन्या चालीरीतींकडे पाहिले तर भोजन आणि शेत यांची गाठ अशी सुटी कधीच नव्हती. कार्तिकातील आवळीभोजन हे आवळीच्या झाडाखालीच व्हावयाचे. म्हणजे गावात निदान एक आवळी कोणीतरी लावलेली व जगविलेली असावी लागे. कापसाच्या पहिल्या वेच्यास सीतादही होई, ते वेचणाऱ्या बायकांच्या हातून. इर्जिक तर उघडउघड कामाचीच पंगत. ज्याची नांगरट अडली त्याच्या वावरात शेजाऱ्यांनी आपापले बैल न्यावयाचे, दिवसभर खपावयाचे, आणि सायंकाळी त्याने सर्वांस जेवू घालावयाचे. पैसा मधे नाही, उपकाराची भाषा नाही. आज त्याचे तर उद्या आपले. शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर हीच रीत सर्व महाराष्ट्रास शिकविली. कोणत्याही गावी गेले की आधी हातात खराटा, आणि भाकरीचा विचार त्यानंतर. १९५६ साली वलगावाजवळ त्यांचा देह पडला. त्यांच्या नावाचा जयघोष करणाऱ्या जिल्ह्यांत फुकटच्या पंगतीची रीत बळावावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

गतवर्षी मार्गशीर्षात अचलपूर तालुक्यातील एका स्नेह्यांच्या बागेत असाच मेळावा होता. चाळीसएक माणसे होती. आम्हीही जेवणाऱ्यांपैकीच, तेव्हा दोष इतरांस देण्यापूर्वी तो आमच्याकडे घेतो. जेवणे झाली, सावलीत गप्पा रंगल्या. ज्या झाडाला आमची पाठ टेकली होती त्याच्या बुंध्यातून डिंक गळत होता, आणि ही गोष्ट तासाभरात आम्हांपैकी कोणाच्याही ध्यानी आली नाही. शेजारच्या गावचे एक वृद्ध बागाईतदार हात धुवावयास उठले, ते तेथेच उकिडवे बसले. त्यांनी बोटांनी बुंध्याजवळची माती उकरली व एवढेच म्हणाले, "बापू, डोळा मातीत गेला ना रे!" कलम बांधलेला भाग जमिनीखाली चार बोटे गेला होता. वर्षानुवर्षे आळ्यांत माती ओढली गेली व पाण्याबरोबर गाळ बसत गेला, त्याचा हा परिणाम. पुढच्या झाडाचे तसेच, त्याच्या पुढच्याचे तसेच. यजमानांस हे ठाऊक नव्हते असे नाही. सालदार सोडून गेला होता, मजूर मिळत नव्हते, आणि एकट्याने चारशे झाडांचे बुंधे मोकळे करावयाचे म्हणजे कोठून आरंभ करावा, या विचारातच दोन वर्षे गेली होती.

त्यानंतर जे घडले ते सांगण्यासारखे आहे. अमरावतीहून आलेल्या दोन शिक्षकांनी बाह्या सावरल्या, एका बँकेतील कारकुनाने खुरपे मागितले, पोरेसोरे माती ओढू लागली. अंधार पडेपर्यंत साठांवर झाडांचे बुंधे मोकळे झाले. यजमानांच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, "इतक्या वर्षांत इतकी माणसं जेवून गेली, पण बागेत कोणी फिरलं नव्हतं."

हे वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. मजुरांच्या टंचाईविषयी आपल्या मासिकात पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या बागेत दुसरा जाणता शेतकरी फिरेनासा झाला, या टंचाईचा कोणी हिशेब केलेला नाही. विहिरीवर पंप बसला, तेव्हा पाण्याच्या पाळीसाठी शेजाऱ्याशी बोलण्याचे कारण उरले नाही. भाड्याचा ट्रॅक्टर आला, तेव्हा त्याच्या बैलांची गरज संपली. या सोयी वाईट नव्हेत. पण त्यांच्यामुळे एकमेकांच्या धुऱ्यात पाय टाकण्याचा प्रसंग कमी झाला, आणि ज्याचे पीक बिघडले तो आपले बिघडलेले पीक घेऊन एकटा बसू लागला. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते, आणि ती कशामुळे जाहीर करावी लागली हे कोणास सांगावयास नको. कर्ज, भाव आणि पाऊस यांची उत्तरे पंगतीने मिळतील असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. परंतु महिन्यातून एकदा पाच शेजारी ज्याच्या बांधावर येतात, त्याच्या घरचे बिनसलेले निदान पाचांस कळते, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, आपल्या सभासदांनी मार्गशीर्ष-पौषातील एखादा शनिवार-रविवार धरावा, पाळीपाळीने एकाची बाग निवडावी, शहरातील आप्तेष्टांसही बोलवावे. मात्र निमंत्रणातच कळवावे की, येताना खुरपे अगर कात्री आणावी.

काळ हाच का, तर त्यास कारण आहे. आंबिया बहाराची फळे आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत उतरतात, आणि पुढच्या आंबिया बहारासाठी डिसेंबराच्या आरंभापासून बाग ताणावर सोडावी लागते. पाणी बंद असते, आळी कोरडी असतात, आणि नव्या पालवीस अजून अवकाश असतो. फळे उतरल्यावर झाडावर राहिलेली सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढण्यास हीच वेळ उत्तम. सल ठेवली की तीवर बुरशी वाढते व पुढे तीच फळांच्या देठापर्यंत पोहोचते. कात्री हिरव्या भागात अर्ध्या इंचापर्यंत घेऊन सल छाटावी, छाटलेली सर्व बागेबाहेर नेऊन जाळावी. एका झाडाची कात्री दुसऱ्यास लावण्यापूर्वी जंतुनाशकात बुडवावी. नाहीतर स्नेहसंमेलन माणसांचे होण्याऐवजी रोगांचेच व्हावयाचे. खोडावर फुटलेले पाणसोटही याच वेळी काढावेत.

दुसरे काम बुंध्याचे. डिंक दिसत असेल तेथील कुजलेली साल धारदार पटाशीने अलगद खरवडावी, जागा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावी व मग बोर्डो मलम लावावा. त्याचे प्रमाण बहुतेकांस ठाऊक आहे : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. तरीही तो करण्यात जितक्या चुका होतात तितक्या क्वचितच दुसऱ्या कामात होत असतील. मोरचूद पाच लिटर पाण्यात निराळा विरघळवावा, चुना पाच लिटरांत निराळा विझवावा, तो थंड झाल्यावर दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतावीत व ढवळावीत. भांडे मातीचे, लाकडी किंवा प्लास्टिकचे असावे, लोखंडी कधीही नसावे. तयार मलमात लोखंडी सळई क्षणभर बुडवून पाहावी. तीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे जाणून आणखी घालावा. जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत खोडास तो ब्रशाने फासावा. हे काम पोरांस फार आवडते, फक्त त्यांच्या कपड्यांची चिंता आयांनी आधीच सोडून द्यावी.

तिसरे काम दुहेरी आळ्यांचे. आतले आळे बुंध्याभोवती कोरडे राहावे व पाणी बाहेरच्या आळ्यात फिरावे, म्हणजे खोडास ओल लागत नाही व डिंक्याला वाव मिळत नाही. येथे पाहुण्यांच्या उत्साहास लगाम हवा. संत्र्याची अन्न घेणारी मुळे बहुतेक वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात. शहरातला पाहुणा कुदळ घेऊन आपली ताकद दाखवू लागला की त्या मुळांचा नाश ठरलेला. तेव्हा पाहुण्याच्या हाती खुरपे द्यावे व कुदळ दडवून ठेवावी. प्रत्येक पाच जणांमागे एक जाणता माणूस नेमून द्यावा, आणि पहिली दोन झाडे त्यानेच करून दाखवावीत.

आता पंगतीविषयी. रोडगे भाजण्याचे काम आमच्याकडे बहुधा पुरुषच करतात, ही चाल आम्हांस विशेष प्रिय आहे. जाडसर कणीक, ओवा, मीठ, तेलाचे मोहन. घट्ट मळून पदर काढलेले गोळे. गोवऱ्यांची आग विझत आली की फुफाट्यात ते पुरावयाचे, आणि राख झटकून फोडले की वर तूप सोडावयाचे. तुरीचे वरण व वांग्याची भाजी असली म्हणजे पक्वान्नांची गरज नाही. तेव्हा भाजीचे पातेलेही पुरुषांनीच सांभाळावे. सबंध आठवडा चुलीशी उभ्या राहणाऱ्या घरच्या बाईस रविवारी चाळीस माणसांचे रांधावयास लावून त्यास स्नेहभोजन म्हणणे शोभत नाही. तिनेही कात्री घ्यावी. बागेतील खरी नजर पुष्कळ घरी तिचीच असते.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो, कारण ती बोलावयास लोक संकोचतात. ज्या मजुरांनी व सालदाराने बाग राखली, त्यांस निराळे बसवून मागाहून वाढावयाचे, हा प्रकार अजून काही ठिकाणी आम्ही पाहतो. अमरावतीस १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, त्यास डॉ. पंजाबराव देशमुखांसारख्या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याने पाठबळ दिले, आणि त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे परिषदेस अध्यक्ष म्हणून आले. त्याला शतक होत आले. ज्या बागेत काम एकत्र होते तेथे पंगतीच्या ओळी दोन कशासाठी? आम्ही तरी अशा पंगतीस बसणार नाही. दारूच्या बाटल्या निघतात तेथेही बसणार नाही. त्याविषयी अधिक शाई खर्च करण्याची आमची इच्छा नाही.

हुरड्याचा विषय निघाल्यावाचून राहात नाही. ज्या वऱ्हाडात ज्वारीचे अफाट शिवार असे, तेथे सोयाबीन आल्यापासून ज्वारी मागे हटत गेली, आणि आज कित्येक मेळाव्यांस कणसे बाहेरून विकत आणावी लागतात. थोडी तरी ज्वारी हुरड्यापुरती पेरावी, असे पुष्कळ जण म्हणतात आणि पेरत नाहीत. कारण आळस नव्हे. सबंध शिवारात एकट्याचीच ज्वारी उभी असली की पंचक्रोशीतील पाखरे व रानडुकरे त्याच्याच वावरात उतरतात, आणि राखणीस माणूस नसतो. म्हणून हेही काम एकट्याचे नव्हे. आठदहा जणांनी ठरवून, लागून असलेल्या वावरांत, प्रत्येकी पाचदहा गुंठे वाणी किंवा गुळभेंडी एकाच आठवड्यात पेरावी, म्हणजे नुकसान वाटले जाते व राखण पाळीने करता येते. हस्ताच्या सुमारास पेरलेली ज्वारी पौषात हुरड्यावर येते. तोच आपल्या मेळाव्याचा काळ. कडबाही गुरांस पडतो, तो निराळाच.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूचे आमचे वाचक म्हणतील की, आमच्या खारपाण पट्ट्यात गोडे पाणीच नाही, तेथे संत्र्याची बाग कोठली? हरकत नाही. तेथील हरभऱ्याच्या वावरात हुळा भाजावा, आणि काम बांधबंदिस्तीचे किंवा शेततळ्यातील गाळाचे काढावे. पावसाचे गोडे पाणी जेथे अडवावयाचे आहे तेथे हातांस काम कमी नाही.

पैसे घेऊन हुरडा खाऊ घालणाऱ्या शेतकऱ्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्यातून कोणाच्या घरी चार पैसे येत असतील तर ते कष्टाचेच आहेत. तो धंदा आहे व धंद्यासारखा चोख करावा. आम्ही लिहितो आहोत ते ज्यांच्यात पैशाचा व्यवहार नाही, फक्त नात्याचा व शेजाराचा आहे, त्यांच्याविषयी.

गतवर्षीच्या त्या बागेतील उरलेली झाडे मोकळी करावयास याही मार्गशीर्षात आम्ही जाणार आहोत. मोरचूद व ब्रश आमच्याकडून; पातेली व गोवऱ्या यजमानांच्या. चुना आणण्याचे ज्यांनी पत्करले आहे त्यांस एवढीच विनंती की, दगडी कळ्याच पाहून घ्याव्यात व घट्ट झाकणाच्या डब्यातून आणाव्यात. हवेत उघडा राहून फुललेला चुना मलमास चालत नाही.