ती फोड आणि तो फोड

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त वत्सगुल्माला, म्हणजे आमच्या वाशीमला, मदनाची क्रीडाभूमी म्हटले आहे. हे मी दर वर्षी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु हा मदन घरात शिरला की प्रथम पोरांच्या गालांवर पुटकुळ्या उठवतो, हे सांगायचे राहून जाते!

आमच्या कन्येला त्या उठल्या आणि स्नेहसंमेलन आले आठ दिवसांवर. नाटकात तिचे मुख्य काम. मी ऐटीत म्हणालो, "अगं, कागदी लिंबाची फोड चोळ. आमची आई हेच करायची." पोरीने विश्वासाने चोळली आणि भर दुपारी सायकलीवरून तालमीला गेली. दोन दिवसांनी गालांवर फोड आले, मागे काळे डाग राहिले. 'ती फोड' आणि 'तो फोड' यांतला फरक व्याकरण शिकवणाऱ्या बापाला असा कळला!

डॉक्टर म्हणाले, "सर, त्वचेचा पीएच सुमारे ५, लिंबाच्या रसाचा २, म्हणजे आम्लता हजारपट. शिवाय लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की कातडी भाजते. मुरूम बहुधा वयाबरोबर जातात, श्रेय मात्र लिंबाला मिळते!"

संमेलनात ती रंगमंचावर आली नाही. विंगेतून दुसरीला संवाद सांगत राहिली. पुढच्या रांगेत बसून मी तो आवाज ओळखत होतो.

डाग उन्हाळ्यापर्यंत गेले. आता लिंबू आमच्याकडे फक्त सरबतात पिळतात. पेला पुढे करताना ती हसून विचारते, "बाबा, उन्हात नाही ना जायचे?"