नेग्रोस बेटाचा धडा



फिलिपाइन्सची निम्म्याहून अधिक साखर नेग्रोस बेटावर होते. बेटाचा सारा संसार उसावर. १९७४ साली अमेरिकेचा राखीव कोटा संपला, हमखास गिऱ्हाईक गेले. १९७७ पासून साखरविक्री मार्कोस यांच्या स्नेह्याच्या मक्तेदार संस्थेच्या मुठीत गेली. पुढे १९८४-८५ ला जागतिक भाव कोसळले. मळे ओस पडले, मजुरांच्या घरी उपासमार झाली.

पिकवणारा एक आणि विकणारा दुसराच, की असे होते. आपला कारखाना आपल्या मालकीचा खरा. पण साखर कोणाला, काय भावाने विकली हे वार्षिक सभेत विचारलेच नाही, तर ती मालकी कागदावरच राहायची. आम्हांस वाटते, अहवाल वाचल्याशिवाय कोणी हात वर करू नये. अन् रानाचा एक तुकडा तरी ज्वारी-हरभऱ्याला राखावा.