उत्तर तिनेच द्यावे

दवाखान्यात एक दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आपल्यापैकीच एखादे सुशिक्षित जोडपे येते. पाळणा लांबविण्यासाठी काय वापरता, असे आम्ही ताईंना विचारतो आणि उत्तर देतात ते त्यांचे यजमान! ताई मान खाली घालून बसलेल्या असतात.

हे आपल्याला शोभत नाही. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू बाबासाहेबांनी लढविली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाने मांडला. तो फेटाळला गेला. ज्यासाठी ते झगडले, ते ब्रिटनमध्ये १९७४ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेत मोफत मिळते.

साधनेही अनेक आहेत. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते. उच्च रक्तदाब असलेल्या, पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या अथवा पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने दोन संप्रेरकांची संयुक्त गोळी टाळावी. तिच्यासाठी इतर उपाय आहेत. इंजेक्शन साधारण तीन महिन्यांनी घ्यावयाचे असते. दंडात त्वचेखाली बसविलेली काडी तीन वर्षे काम देते. तांबी पाच ते दहा वर्षे चालते. तिच्यात संप्रेरक नसते, परंतु पाळीतील रक्तस्राव वाढू शकतो. काडी वा तांबी काढल्यावर पुन्हा गर्भधारणा होऊ शकते. लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांपासून संरक्षण मात्र यांपैकी कशानेच मिळत नाही. त्यासाठी निरोधच हवा.

आणि शस्त्रक्रिया? भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचा वाटा अवघा ०.३ टक्के. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, स्थानिक भुलीखाली होणारी व कमी धोक्याची. तरीही 'आता तू ऑपरेशन करून घे' हे वाक्य आपल्या घरांत पत्नीलाच ऐकावे लागते.

आमचे स्पष्ट मत आहे की, जिच्या शरीरावर उपाय व्हायचा, तिनेच तो निवडावा. पतीने सोबत जरूर यावे, परंतु तिच्या वतीने बोलू नये. इंग्रजीची अडचण असल्यास आरोग्य सेवेकडे दुभाषी मागावा. तो विनामूल्य मिळतो. सासूबाईंनी सल्ला द्यावा, हुकूम नव्हे.

भगिनींनो, पुढच्या खेपेस डॉक्टरांनी विचारले, तर उत्तर आपणच द्या.