तास कसले मोजता, कारण लिहा!

रविवार. रहिमतपूरला घरी आलोय. आजोबांच्या किराणा दुकानाचा जुना रोजमेळ सापडला, तो चाळत बसलो होतो. प्रत्येक ओळीत रक्कम, हस्ते कोण आणि बाबत काय. एके दिवशी हमाली जास्त गेली, तर शेजारी लिहिलंय, 'पावसात पोती दोनदा हलवली.' आजोबा सातवी पास होते.

आणि आम्ही? बी. ई. कॉम्प्युटर. आमची टाइमशीट म्हणजे 'बगफिक्स, ११ तास'. संपलं!

गेल्या महिन्यात याच ११ तासांवरून टीममधल्या एका ज्युनियर मुलीला 'स्लो' ठरवलं. त्यातले ७ तास ती बिचारी सर्व्हरच्या अ‍ॅक्सेसची वाट बघत होती. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण लिहिलेलं कुठेच नव्हतं. मीटिंगमध्ये मीही गप्प बसलो. ते अजून डाचतंय.

मी स्वतः टाइमवॉरियर वापरतो. २०१६ साली आलेलं, फुकट, टर्मिनलवर चालणारं. काम सुरू करताना 'स्टार्ट', संपल्यावर 'स्टॉप'. मधे 'अ‍ॅनोटेट' लिहून पुढे एक वाक्य टाकलं, की ते चालू नोंदीला चिकटतं. आधीची नोंद असेल तर तिचा नंबर द्यायचा. @१ म्हणजे सगळ्यात अलीकडची. एकच खोड आहे : त्याच नोंदीवर पुन्हा अ‍ॅनोटेट केलं की आधीचं वाक्य उडतं. तेव्हा काय ते एका दमात लिहा.

मित्र म्हणतात, "अरे, हे म्हणजे मॅनेजरच्या हाती कोलीत!" साफ चूक. ही नोंद तुमच्याच मशीनवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडते, कुणाला दाखवायची ते तुम्ही ठरवा. मॅनेजरकडे तासांचा आकडा आधीच आहे की! नुसत्या आकड्याचा तो हवा तो अर्थ लावतो, आणि तुमच्याकडे बोलायला काही नसतं. कोलीत ते आहे.

"वेळ कुणाला आहे?" अहो, 'अ‍ॅक्सेस नाही, १० पासून वाट बघतोय' एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात चहासुद्धा निवत नाही.

त्या ११ तासांचं आता काही होणार नाही. पण उद्या सकाळी आधी त्या मुलीच्या शेजारी बसून तिला हे शिकवणार आहे. पुढच्या मीटिंगमध्ये तिच्याकडे तरी कागद असेल.

असो. पुण्याची गाडी पकडायचीय. रोजमेळ बॅगेत टाकलाय :)