मधुमेह झाला म्हणून ताट एका दिवसात बदलू नका

मधुमेहाचं निदान झालं की घरचे दुसऱ्याच दिवशी भात बंद करून कारलं सुरू करतात. स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तीच्या बाबतीत हे मला अजिबात पटत नाही. रोज तेच जेवण हा तिचा हट्ट नसतो. चव, वास, स्पर्श अनेकदा फार तीव्र जाणवतात. अनोळखी ताट पुढे आलं तर ती उपाशीही राहील, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते.

ओळखीचं ताट राहू द्या. आपली सोलापुरी कडक भाकरी, शेंगा चटणी चालेल, फक्त तीन भाकऱ्यांच्या दोन करा (ज्वारीनेही साखर वाढतेच!). गोळीचा डोस आधी डॉक्टरांना विचारा. पुढचा बदल दोन आठवड्यांनी, तोही तिला सांगून. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांनीच पुन्हा तपासायची असते.