टॅबवरचं चित्र आणि भाव
टॅबवर काढलेल्या चित्राला भक्ती म्हणावं का? माझ्या मते म्हणावं. पण आधी स्वाध्याय हवा.

पार्श्वनाथांच्या मस्तकावर बहुधा सात फण्यांचं छत्र असतं, सुपार्श्वनाथांच्या पाच. एकाचं लांछन सर्प, दुसऱ्याचं स्वस्तिक. त्रिशलामातेची स्वप्नं दिगंबर परंपरेत १६, श्वेतांबर परंपरेत १४. हे न पाहता ॲपकडून करून घेतलेलं चित्र सुंदर दिसतं. पण त्यात चूक असली तर फॉरवर्ड होत तीच घरोघरी पोचते आणि मुलं तेच खरं धरतात. स्वतः रेघ ओढताना प्रत्येक खूण तपासावी लागते, मन तिथेच रमतं.

असं चित्र प्रतिष्ठित मूर्तीची जागा घेत नाही. पण तेवढा वेळ भाव शुद्ध राहिले, तर तीही आराधनाच.